उघड्या तोंडाचे मूल : बालकांच्या मुखश्वसनाकडे पाहण्याच्या दृष्टीचा इतिहास

प्रस्तावना

औरंगपुरा हा या शहराचा शाळांचा भाग. १९१५ साली स्थापन झालेल्या श्री सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचे आवार येथेच असून, जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या जिल्हा परिषदेचे मुख्यालयही दीर्घकाळ याच परिसरात राहिले आहे. सकाळी गुलमंडीकडून आणि पैठण गेटकडून येणारी मुले एकमेकांना ढकलत शाळेच्या फाटकात शिरतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. काही मुलांचे ओठ मिटलेले नसतात. ती धावून दमलेली नसतात, त्यांना सर्दी झालेली असतेच असेही नाही. तरी त्यांचे तोंड उघडे असते आणि वर्गात बसल्यावरही ते उघडेच राहते.

अशा मुलाला मराठीत नावे पुष्कळ आहेत. आ वासून बसणारा, बावळट, वेंधळा, झोपाळू. घरी आई म्हणते, तोंड मीट, माशी जाईल. शाळेत गुरुजी त्याला मागच्या बाकावर बसवतात, किंवा तो स्वतःच तेथे जाऊन बसतो. यातील एकाही नावात त्याच्या नाकाचा उल्लेख नाही. शरीरातील एका अडथळ्याचे वर्णन आपण स्वभावाच्या भाषेत करतो आणि स्वभाव एकदा ठरला की तपासणीचे कारण उरत नाही. प्रस्तुत निबंधात मुखश्वसनाच्या वैद्यकीय इतिहासाचा विचार याच अंगाने केला आहे. गेल्या दीडशे वर्षांत या उघड्या तोंडात कोणाला दुर्बल इच्छाशक्ती दिसली, कोणाला ग्रंथी, कोणाला जबडा, कोणाला झोप. प्रत्येक वेळी काही नवे कळले आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत काही मुलांनी मोजली.

नाकाने श्वास घेणे ही मनुष्याची जन्मजात रीत आहे. नवजात अर्भक तर बहुतांशी नाकानेच श्वास घेते, म्हणून तर दूध ओढत असतानाही त्याचा श्वास चालू राहतो. नाकातून आत जाणारी हवा उबदार व ओलसर होते, तिच्यातील धूळ गाळली जाते. नाकालगतच्या पोकळ्यांत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायूही त्या हवेबरोबर फुफ्फुसांत जातो, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. तोंडाने घेतलेल्या श्वासाला यातील फारसे काहीच मिळत नाही. थोडक्यात, मूल तोंडाने श्वास घेते ते बहुधा नाकाची वाट अडली आहे म्हणून. क्वचित वाट मोकळी झाल्यावरही सवय उरते. क्वचित वरचा ओठच आखूड असल्याने ओठ मिटत नाहीत आणि मूल श्वास मात्र नाकानेच घेत असते. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

शास्त्रग्रंथ आणि माजघर

नाकाला मस्तकाचे द्वार मानण्याची कल्पना आयुर्वेदात रूढ आहे आणि तिच्यावरच नस्यकर्माची सारी उभारणी झालेली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नस्यासाठी वयाची मर्यादा घातलेली आढळते : सात वर्षांच्या आतील बालकास आणि ऐंशी वर्षांपुढील वृद्धास ते देऊ नये. मात्र त्याच ग्रंथात प्रतिमर्श या अत्यल्प मात्रेच्या सौम्य प्रकाराला जन्मापासून मरणापर्यंत मुभा आहे. ग्रंथकाराने येथे मात्रेचा आणि वयाचा विचार किती बारकाईने केला आहे, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे.

माजघरात हा बारकावा टिकला नाही. मराठवाड्यात, किंबहुना सबंध महाराष्ट्रात, बाळंतघरातील शेकशेगडी, ओव्याची व वेखंडाची धुरी, न्हाऊ घालताना नाक ओढून सरळ करणे, नाकात तेलाचे थेंब सोडणे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. नाक मोकळे राहावे हा हेतू त्यामागे स्पष्ट दिसतो. म्हणजे बाळाचे नाक महत्त्वाचे आहे, हे आजीला निश्चितच ठाऊक होते. परंतु नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरले तर एका विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि कोंदट खोलीतील धूर तर नाकाच्या अस्तराला सुजवतोच. बालरोगतज्ज्ञ आज या दोन्ही गोष्टींना विरोध करतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या विरोधाला परंपरेवरील आघात समजण्याचे कारण नाही, कारण ज्या ग्रंथपरंपरेचा आधार घेतला जातो तिनेच वयाची आणि मात्रेची मर्यादा आखून दिली होती.

एक चित्रकार आणि एक कानाचा डॉक्टर

पाश्चात्त्य जगात या विषयाला पहिल्यांदा लोकप्रियता मिळवून दिली ती एका चित्रकाराने. जॉर्ज कॅटलिन हा अमेरिकेतील मूळ रहिवाशांची चित्रे काढणारा कलावंत त्यांच्या वस्त्यांतून हिंडत असे. तेथील माता दूध पाजून झाल्यावर निजलेल्या बाळाचे ओठ हलकेच जुळवून ठेवतात, हे त्याने पाहिले. १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्रेथ ऑफ लाइफ’ या पुस्तकात त्याने युरोपीय समाजाच्या अनेक दुखण्यांचे मूळ तोंड उघडे टाकून झोपण्यात आहे, असे प्रतिपादन केले. स्वतः त्याला ही खोड होती आणि निग्रहाने त्याने ती मोडली होती. सवय जिंकलेल्या माणसाला इतरांची सवय हा दुबळेपणा वाटतो. कॅटलिनचेही तसेच झाले. त्याचे निरीक्षण अस्सल होते. पण ज्याचे नाकच बंद आहे त्याने निग्रह करून काय करावे, हा प्रश्न त्याच्या पुस्तकाला पडलाच नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर सहा वर्षांनी कोपनहेगनमध्ये मिळाले. विल्हेल्म मेयर हा कानाचे विकार पाहणारा डॉक्टर. त्याच्याकडे आलेली एक तरुणी ऐकू कमी येते म्हणून आली होती. तिचा उच्चारही बद्द होता, आवाजाला नाकातील घुमारा नव्हता. मेयरने तोंडातील टाळूच्या मागे बोट घालून वरच्या पोकळीत चाचपले, तेव्हा नाकाच्या मागील बाजूस मऊ ऊतींचा गोळा हाताला लागला. कानाच्या तक्रारीचे मूळ नाकामागे निघाले. नंतर त्याने शाळकरी मुलेही तपासली आणि हा प्रकार विरळा नाही अशी त्याची खात्री झाली. आपले निष्कर्ष त्याने १८६८ साली डॅनिश भाषेत आणि १८७० मध्ये लंडनच्या वैद्यकीय मंडळाच्या वृत्तान्तातून इंग्रजीत मांडले. या ऊतींना पुढे अ‍ॅडिनॉइड हे नाव रूढ झाले. प्रत्येक बालकात त्या असतातच. साधारण पाच ते सात वर्षांपर्यंत वाढतात आणि पुढे आक्रसत जातात. आजार असतो तो त्यांच्या वाजवीपेक्षा जास्त वाढीचा. त्या वाढल्या की नाकाची मागची वाट अडते आणि कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंडही बुजते. १८९८ साली मेयरचा पुतळा कोपनहेगनमध्ये उभारण्यात आला. अवघ्या बोटभर खोलीवर असलेली ही गोष्ट त्यापूर्वी तिचा खरा अर्थ ध्यानात घेऊन कोणी चाचपली नव्हती, याचे आश्चर्य वाटते.

मंदबुद्धी की मंद श्वास

मेयरच्या शोधानंतर उघड्या तोंडाच्या मुलाचे स्थान पालटले. तो आळशी न राहता रुग्ण झाला. पण अध्यापकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना याच्या पुढची आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या गुये या डॉक्टराने १८८७ च्या सुमारास एक नवा शब्द घडवला, अ‍ॅप्रोसेक्सिया. त्याचा अर्थ चित्त एकाग्र करण्याची असमर्थता. नाकाचा अडथळा असलेली मुले धड्यावर लक्ष ठेवू शकत नाहीत, ऐकलेले लगेच विसरतात आणि अडथळा दूर केल्यावर ती सुधारतात, असे त्याने नोंदवले. १८८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्यम हिल याने मुलांच्या मागासलेपणाची आणि मठ्ठपणाची कारणे शोधताना नाक व घशाकडेच बोट दाखवले. १८९२ च्या आपल्या प्रसिद्ध पाठ्यग्रंथात विल्यम ऑस्लरनेही अशा मुलांच्या निस्तेज चेहऱ्याचे आणि रात्रीच्या घोरण्याचे वर्णन केले.

या लेखनाचा शाळेवर झालेला परिणाम दुहेरी होता. एकीकडे, ज्याला शिक्षक ‘डोक्यात काही शिरत नाही’ म्हणून सोडून देत होते, त्याच्या डोक्याऐवजी नाकाकडे व कानाकडे पाहण्याची सवय लागली. ही मोठीच उपलब्धी मानली पाहिजे. दुसरीकडे, ‘अ‍ॅडिनॉइड चेहरा’ ही एक खूणगाठ तयार झाली : लांबट मुख, उघडे ओठ, डोळ्यांखाली काळे, हरवलेली नजर. जो शब्द मुलाची सुटका करण्यासाठी आला तोच नवे लेबल होऊन बसला. ‘बावळट’ या शब्दाला लॅटिन प्रतिशब्द मिळाला, इतकेच.

हैदराबादचे क्लोरोफॉर्म

हा सारा वाद युरोपात चालू असताना औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होते आणि त्या संस्थानाच्या राजधानीत श्वासासंबंधीच एक जगप्रसिद्ध वाद रंगला होता. एडवर्ड लॉरी हा तेथील रेसिडेन्सी सर्जन आणि वैद्यकीय शाळेचा प्रमुख. क्लोरोफॉर्म देताना रुग्णाची नाडी पाहत बसू नये, त्याचा श्वास पाहावा, कारण आधी श्वास थांबतो व मग हृदय, असा त्याचा आग्रह. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन या नामवंत डॉक्टराला बोलावण्यात आले आणि त्याच्या खर्चासाठी निजामाने एक हजार पौंड दिले. प्राण्यांवरील असंख्य प्रयोगांनंतर आयोगाने लॉरीचीच बाजू उचलून धरली.

मुखश्वसनाच्या इतिहासात या प्रसंगाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्या काळी अ‍ॅडिनॉइड व टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया लहान मुलांवर क्लोरोफॉर्म देऊन सर्रास होत. ज्या बालकाची श्वासाची वाट आधीच अरुंद आहे, त्याला गुंगी द्यायची आणि त्याच वाटेत चाकू चालवायचा, रक्त त्याच वाटेत उतरणार. यात काही मुले दगावली. लॉरीचा ‘श्वास पाहा’ हा आग्रह अशा बालकांच्या बाबतीत अगदी योग्य होता; पण ‘हृदयाची चिंता नको’ हा त्याचा उत्तरार्ध चुकीचा ठरला. अपुऱ्या गुंगीत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके एकाएकी विस्कटून मृत्यू येऊ शकतो, हे १९११ मध्ये लेव्ही याने सिद्ध केले. आमच्या भागाच्या इतिहासलेखनात निजामी राजवटीचा विचार भाषा, शिक्षण आणि मुक्तिसंग्राम यांच्याच संदर्भात होतो, आणि तो योग्यही आहे. तथापि मुलाच्या श्वासाकडे लक्ष द्या असे सांगणारा एक आवाज त्याच संस्थानातून जगभर ऐकू गेला होता, हेही विसरता कामा नये.

शाळेच्या दारात डॉक्टर

विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर शाळेच्या दारात आला. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये तर त्याआधीच एक विलक्षण प्रकार घडला. जून १९०६ मध्ये शहराच्या पूर्वेकडील गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतील शाळांत मुलांच्या अ‍ॅडिनॉइडच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मुले घरी आली ती रक्ताळलेल्या तोंडाने. डॉक्टर मुलांचे गळे कापतात अशी अफवा वाऱ्यासारखी पसरली आणि हजारो माता शाळांवर चालून गेल्या. दगडफेक झाली, खिडक्या फुटल्या. वृत्तपत्रांनी या बायकांना अडाणी ठरवले.

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरझडत्या घेतल्या, त्या वेळीही रोग खरा होता, उपायामागचा हेतू कदाचित चांगला होता. पण ज्यांच्या अंगाला हात लावायचा त्यांच्याशी बोलायचे कोणी मनावर घेतले नव्हते. न्यूयॉर्कच्या मातांची समजूत चुकीची होती, त्यांचा राग मात्र चुकीचा नव्हता.

पुढची तीन दशके ही टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड काढण्याच्या लाटेची. या लाटेविषयी १९३४ साली न्यूयॉर्कमध्येच झालेली एक पाहणी वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाली आहे. शाळांतील एक हजार मुले घेतली. त्यांतील ६११ जणांच्या टॉन्सिल आधीच काढलेल्या होत्या. उरलेल्या ३८९ मुलांना शाळेच्या डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. जे २१५ ‘निरोगी’ ठरले, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी त्यांतील ९९ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. उरलेल्या ११६ जणांना तिसऱ्यांदा दाखवले, तेव्हा आणखी ५१ निघाले. एक हजारांत शेवटी ६५ मुले उरली, आणि ती उरली ती बहुधा चौथा डॉक्टर उपलब्ध नव्हता म्हणून. १९३८ मध्ये इंग्लंडच्या ग्लोव्हरनेही दाखवून दिले की शेजारशेजारच्या भागांत या शस्त्रक्रियांचे प्रमाण कित्येक पटींनी भिन्न होते, आणि या फरकाचे कारण हवामानात किंवा गरिबीत सापडत नव्हते, तर डॉक्टरांच्या मतांत सापडत होते.

आपल्याकडे या लाटेचा फटका फारसा बसला नाही, कारण शाळेच्या दारात डॉक्टरच पोहोचला नव्हता. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात शालेय आरोग्यसेवेचा विचार झाला. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र शालेय आरोग्य समिती नेमली गेली. अतिउपचारातून आपण वाचलो ते अनुपचारामुळे, असे म्हटले तर ते कटू वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

जबडा आणि झोप

एव्हाना दंतवैद्यकाने या विषयात आपली बाजू मांडली होती. आधुनिक दंतवक्रोपचाराचा प्रवर्तक एडवर्ड अँगल याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच वरचे दात पुढे आलेल्या आणि वरचा जबडा अरुंद असलेल्या मुलांच्या एका मोठ्या गटाचा संबंध मुखश्वसनाशी जोडला. त्यामागील तर्क समजण्यास सोपा आहे. तोंड मिटलेले असताना जीभ टाळूला टेकून वरच्या दातांच्या कमानीला आतून आधार देते, बाहेरून गालांचा दाब असतो आणि दोहोंच्या तोलात कमान रुंद राहते. तोंड उघडे राहिले की जीभ खाली उतरते, गालांचा दाब एकतर्फी पडतो. कमान आवळते, टाळू उंच व खोल होतो, खालचा जबडा खाली व मागे फिरतो, चेहरा लांबतो. पुढच्या हिरड्या कोरड्या पडून सुजतात, लाळेचे संरक्षण कमी झाल्याने दात किडण्याचा धोका वाढतो.

तर्क सुबक असला म्हणून सिद्ध होत नाही. १९७० मध्ये स्वीडनच्या लिंडर-अ‍ॅरोन्सन याने अ‍ॅडिनॉइड वाढलेल्या मुलांची तुलना निरोगी मुलांशी करून चेहऱ्याच्या व दातांच्या ठेवणीतील फरक मोजले आणि शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत त्यांतील काही फरक कमी होतात असेही पुढे दाखवले. अमेरिकेत हार्वोल्डने लहान माकडांची नाके बंद करून प्रयोग केले. त्या माकडांचे दात वाकडे झाले खरे, पण प्रत्येकाचे निराळ्या तऱ्हेने, कारण प्रत्येकाने श्वास घेण्याची युक्ती निराळी शोधली होती. येथेच या विषयाची मेख आहे. उघडे तोंड आणि लांबट चेहरा यांचा संबंध आहे. पण प्रत्येक मुखश्वसनी मुलाचा चेहरा तसा होत नाही आणि प्रत्येक लांबट चेहऱ्यामागे नाकाचा अडथळा नसतो. आनुवंशाचा वाटा किती आणि श्वासाचा किती, हा वाद १९९० च्या दशकातही दंतवक्रोपचाराच्या नियतकालिकांत अटीतटीने चालू होता. भारतात या शाखेची संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली, आणि या शहरात शासकीय दंत महाविद्यालय १९८२ मध्ये आले. तोपर्यंत वाकड्या दातांची तक्रार घेऊन दवाखान्यात जाणे ही मराठवाड्यातील सामान्य घराच्या कल्पनेबाहेरची गोष्ट होती. मुलीच्या लग्नाच्या वेळी तेवढी ती आठवे.

१९७६ मध्ये या विषयाला आणखी एक वळण मिळाले. ख्रिस्तियाँ गिलेमिनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या आठ बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रौढांत ठाऊक असलेला निद्रावरोध मुलांतही असतो, आणि तो दिवसा निराळा दिसतो, हे त्यातून पुढे आले. रात्री घोरणारे, घामाघूम होणारे, मान मागे टाकून झोपणारे, सहासात वर्षांचे झाल्यावरही अंथरूण ओले करणारे मूल दिवसा पेंगेलच असे नाही. ते चिडचिडे, चंचल, अस्वस्थही असू शकते. प्रौढ माणूस झोप अपुरी झाली की सुस्तावतो. मूल उलट वागते. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा आपल्या घरांतील समज किती घातक आहे, हे येथे ध्यानात यावे.

गुयेच्या अ‍ॅप्रोसेक्सियाची खरी कसोटी लागली ती सव्वाशे वर्षांनी. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून निद्रावरोध असलेल्या पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाची टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइडची शस्त्रक्रिया लगेच केली, दुसऱ्यावर केवळ देखरेख ठेवली. सात महिन्यांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष एकाग्र करण्याच्या औपचारिक चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र मुलांचे वागणे, झोप आणि एकूण जीवनमान शस्त्रक्रियेच्या गटात स्पष्टपणे सुधारले. वागण्यातील सुधारणा पालकांप्रमाणे शिक्षकांनाही जाणवली. झोपेतील श्वासाची नोंद ७९ टक्के मुलांत पूर्ववत झाली. पण देखरेखीच्या गटातही ४६ टक्के मुले शस्त्रक्रियेवाचून सुधारली. म्हणजे गुये व हिल अर्धे बरोबर होते. नाक मोकळे केल्याने मठ्ठ मूल हुशार होत नाही, कारण ते बहुधा मठ्ठ नव्हतेच. ते थकलेले होते.

आपल्या वर्गखोलीत

मराठवाड्यातील मुलाचे नाक अडण्याची कारणे पुस्तकातील कारणांपेक्षा फार वेगळी नाहीत, पण त्यांचा क्रम येथील मातीने ठरवलेला आहे. उन्हाळ्यातील धूळ आहे, चुलीचा धूर आहे, आणि गाजर गवत आहे. आयात धान्यातून आल्याचे मानले जाणारे हे परदेशी तण १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नोंदवले गेले आणि पाहता पाहता राज्यभर पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि शाळांची मैदाने त्याने व्यापली. त्याच्या परागकणांनी त्वचेचे विकार होतात तसेच नाकाची वावडीही बळावते. सतत शिंका येणारे, तळहाताने नाक वर चोळणारे मूल या वर्गातले. त्याला शस्त्रक्रियेपेक्षा नाकात मारण्याचा औषधी फवारा, धुळीपासून जपणूक आणि काही महिन्यांची नेटाची देखरेख यांचा उपयोग अधिक होतो. अ‍ॅडिनॉइड फार वाढलेले असतील, कानात पाणी साचत असेल, झोपेत श्वास अडत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार नाक-कान-घसा तज्ज्ञ करतील. वरचा जबडा अरुंद झाला असेल तर दंतवैद्य तो वाढत्या वयातच हळूहळू रुंद करू शकतात. आणि नाक मोकळे होऊनही तोंड उघडे राहत असेल तरच ओठांचे व्यायाम, मुखपटल यांची पाळी येते. हा क्रम उलटा करता येत नाही. कॅटलिनची चूक नेमकी हीच होती.

ती चूक आज नव्याने होऊ लागली आहे, म्हणून हा मुद्दा थोडा ताणून सांगावा लागतो. २०२० मध्ये जेम्स नेस्टर या अमेरिकी लेखकाच्या श्वासावरील पुस्तकाला जगभर वाचक मिळाला आणि कॅटलिनला नवे आयुष्य लाभले. पाठोपाठ झोपताना ओठांवर चिकटपट्टी लावण्याचे खूळ भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून आपल्या घरांपर्यंत आले. ज्याचे नाक बंद आहे, त्या बालकाचे तोंडही बंद करणे म्हणजे उपचार नव्हे. मुलाच्या बाबतीत हा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत घरी करू नये.

शिक्षकाला या बाबतीत करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्याला वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. नाकाखाली छोटा आरसा धरला तर वाफ कोणत्या बाजूला धरते ते दिसते. कापसाचा पिंजलेला धागा नाकपुडीखाली हलतो की नाही ते पाहता येते. तोंडात घोटभर पाणी धरून दोन मिनिटे बसता येते का, हा मुलांना खेळच वाटतो. नाकाने श्वास घेता येत असेल तर मूल बसते, नसेल तर अर्ध्या मिनिटात गिळते किंवा थुंकते. यातील कोणतीही चाचणी निदान ठरत नाही. ती केवळ पुढे कोणाकडे पाठवायचे ते सुचवते. आणि ओठ आखूड असलेले मूल व नाक बंद असलेले मूल यांतील फरक तेवढ्यावरही बऱ्याचदा कळून येतो.

शासनाच्या यंत्रणेत या मुलाला जागा कोठे आहे, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची पथकांमार्फत अंगणवाडीत व शाळेत तपासणी करण्याची ही योजना. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत तीस विकारांची यादी दिली आहे. तीत दातांची कीड आहे, श्रवणदोष आहे, कानाचा जंतुसंसर्ग आहे, श्वासनलिकेचा दमासदृश विकार आहे, शिकण्यातील अडचणी आणि लक्ष विचलित होण्याचा विकारही आहे. मुखश्वसन किंवा अ‍ॅडिनॉइड हा शब्द त्या यादीत नाही. एकाच मुलाच्या एकाच अडथळ्याच्या पाच खुणा पाच रकान्यांत विखुरल्या जाऊ शकतात, आणि पाच रकाने पाहणारा डॉक्टर प्रत्येक वेळी निराळा असू शकतो. कान फुटला म्हणून मूल एका खिडकीवर, दात किडले म्हणून दुसऱ्या, अभ्यासात लक्ष नाही म्हणून तिसऱ्या.

कोपनहेगनच्या त्या डॉक्टराकडे आलेली तरुणीही नाकाची तक्रार घेऊन आली नव्हती. तिला ऐकू कमी येत होते. आपल्या यादीत श्रवणाचा रकाना आहे. तो भरताना मुलाला घोटभर पाणी तोंडात धरायला सांगण्यास नवा शासननिर्णय लागत नाही.